ऊस, राऊत आणि भाऊसाहेब यांच्याच ओळी का तुटतात?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. वार्षिक सभेच्या नोटिसा वेळेत जायला हव्यात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

आमच्या विकास सोसायटीला सभासदांची यादी वरच्या कार्यालयाकडून टेक्स्ट फाइल म्हणून मिळते. एका ओळीत एक सभासद: नाव, गाव, गट नंबर, मुख्य पीक. ती फाइल आमच्याकडच्या एका जुन्या प्रोग्रॅमला दिली की पत्त्यांच्या चिठ्ठ्या निघतात. यंदा वरची प्रणाली बदलली आणि चिठ्ठ्या तुटायला लागल्या. पण सरसकट तुटत नाहीत. "भाऊसाहेब" असेल तर एका ओळीवर "भा" आणि पुढच्या ओळीवर "साहेब". "राऊत" आडनावाचा "रा" वर, "त" खाली. पिकाच्या रकान्यात हळद, द्राक्ष, सोयाबीन असेल तर ओळ धड. ऊस असेल तर खाली नुसता "स". मधला "ऊ" कुठेच दिसत नाही. आमच्या बहुतेक सभासदांचं पीक ऊसच, त्यामुळे अख्खी यादी विस्कटली.

सूर्यवंशी, मूळिक, उमेश, उषा हे सगळे सुखरूप आहेत. म्हणजे दीर्घ उकार चालतो, ऱ्हस्व "उ" चालतो, फक्त सुटा दीर्घ "ऊ" चालत नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर फाइल स्वच्छ दिसते. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला ते आता संपर्कात नाहीत. हे काय असावं?

शाहूपुरीकर (सातारा)

एक्सेलमध्ये कुणीतरी ऑल्ट-एंटर मारून सेलमध्येच ओळ तोडली असेल. क्लीन फंक्शन लावा. ० ते ३१ क्रमांकाची न दिसणारी अक्षरं निघून जातात.

कृष्णाकाठची

फाइल एक्सेलमधून येत नाही हो. तरी एक्सेलमध्ये घेऊन क्लीन लावून पाहिलं. काढण्यासारखं काही सापडलंच नाही, आणि परत तशीच जतन करून दिल्यावर पुन्हा तीच नावं तुटली.

दशांश (कऱ्हाड)

ताई, फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि पहिले दोन बाइट सांगा. एखाद्या "ऊस"च्या जागचे बाइटही सांगा. साध्या दशमान आकड्यांत चालतील.

कृष्णाकाठची

पहिले दोन २५४ आणि २५५. "ऊस"च्या जागी ९, १०, ९, ५६.

दशांश

उत्तर याच आकड्यांत आहे. ९ आणि १०.

थोडं मागून सांगतो, म्हणजे पुढे दुसऱ्या फाइलला असं झालं तर तुम्हालाच ओळखता येईल. फाइलमध्ये अक्षरं नसतात, क्रमांक असतात. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतावली ठरली. सात बिटांची, म्हणून १२८ जागा. त्यातल्या पहिल्या ३२ जागा, म्हणजे ० ते ३१, आणि शेवटची १२७, अशा ३३ जागा छापायच्या अक्षरांना दिल्याच नाहीत. त्या यंत्राला हुकूम देण्यासाठी ठेवल्या. हीच कंट्रोल कॅरेक्टर. ९ म्हणजे टॅब, १० म्हणजे लाइन फीड, कागद एक ओळ वर सरकव. १३ म्हणजे कॅरेज रिटर्न, ओळीच्या सुरुवातीला जा. पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी आलेल्या युनिकोड संकेतावलीने हे क्रमांक जसेच्या तसे घेतले, ते आजही तेच आहेत.

देवनागरीला युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ ही जागा मिळाली. "ऊ" चा क्रमांक २३१४. आता हा क्रमांक फाइलमध्ये लिहायचा कसा हा वेगळा प्रश्न आहे आणि तुमची सगळी भानगड तिथे आहे. तुमची फाइल यूटीएफ-१६ पद्धतीची आहे. त्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर दोन बाइटांत बसतं. २३१४ म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १०. म्हणून "ऊ" झाला ९, १०. "स" चा क्रमांक २३६०, तो झाला ९, ५६. सगळ्या देवनागरी अक्षरांचा मोठा बाइट ९ असतो, म्हणजे फाइल बाइट-बाइट वाचणाऱ्याला प्रत्येक मराठी अक्षरापुढे एक टॅब दिसतो! आणि ज्याचा दुसरा बाइट १० आहे असं देवनागरी अक्षर एकच आहे: ऊ. ऱ्हस्व "उ" म्हणजे ९, ९. सूर्यवंशींमधला दीर्घ उकार म्हणजे ९, ६६. म्हणून ते सुखरूप.

तुमचा प्रोग्रॅम आधी १० या बाइटवर फाइल तोडतो आणि मग तुकड्यांची अक्षरं लावतो. त्याला "भाऊसाहेब" मध्ये १० दिसला, त्याने ओळ संपली असं धरलं. "ऊ" चा उरलेला ९ मागच्या ओळीच्या टोकाला एकटा पडतो आणि त्याचं अक्षर होत नाही, म्हणून "ऊ" गायब.

आता पहिल्या दोन बाइटांबद्दल. २५४, २५५ ही फाइलच्या सुरुवातीची खूण आहे, बाइट ऑर्डर मार्क (बीओएम). मोठा बाइट आधी लिहिलाय असं ती सांगते. ती उलटी, २५५, २५४ असती, तर पहिली ओळ तुटल्यावर पुढचे सगळे बाइट एका घराने सरकले असते आणि "स" च्या जागी चिनी वाटणारी अक्षरं आली असती. तुमच्याकडे इतकं नीटस तुटलं, कारण मोठा बाइट आधी आहे आणि १० नेहमी जोडीच्या शेवटी येतो.

आणखी एक तपासा. "ऍड." असं जुन्या पद्धतीने लिहिलेले वकील यादीत आहेत का? त्या "ऍ" चा क्रमांक २३१७, म्हणजे ९, १३. काही प्रोग्रॅम १३ वरही ओळ तोडतात. २००८ साली युनिकोडमध्ये आलेला "ॲ" म्हणजे ९, ११४, त्याला हा धोका नाही.

उपाय सोपा आहे. नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. बीओएम असलेला आणि नसलेला असे दोन पर्याय दिसतील, नसलेला घ्या. यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलं, आणि त्यात ही अडचण मुळातच येऊ नये अशी मांडणी आहे. १२८ च्या आतले बाइट फक्त आस्कीचेच असतात. बाकी कुठल्याही अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. "ऊ" तिथे २२४, १६४, १३८ असा लिहिला जातो. त्यात १० नाही, ९ नाही, १३ नाही. कुठल्याही लिपीचं अक्षर घ्या, त्याच्या पोटात खोटी ओळ सापडणार नाही.

तारघर_निवृत्त (सातारा)

दशांश यांनी "यंत्राला हुकूम" म्हटलं ते वाचून राहवलं नाही. माझी बहुतेक नोकरी टेलिप्रिंटरवर गेली, शेवटची वर्षं साताऱ्यात. या खुणा आम्ही बोटांनी आणि कानांनी ओळखत होतो. आता देशातली तारसेवाच २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तुमच्या प्रत्येक फाइलमध्ये ती शिल्लक आहे असं मला मनापासून वाटतं.

ओळ संपली की आम्ही दोन खुणा पाठवायचो. आधी कॅरेज रिटर्न, मग लाइन फीड. हा क्रम उगाच नाही. छापणारा भाग उजव्या टोकापासून डाव्या टोकाला यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेतो. त्याला आधी निघायला सांगायचं, आणि तो वाटेत असताना दुसऱ्या खुणेने कागद सरकवायचा. उलट केलं तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर ओळीच्या मधेच कुठेतरी उमटायचं. डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास त्यांच्या संकेतावलीत या दोन खुणा आणल्या. विंडोजची टेक्स्ट फाइल आजही ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही लिहिते, युनिक्स आणि लिनक्सवाले नुसता १०, आणि ॲपलचे जुने मॅक नुसता १३. नोटपॅडला नुसत्या १० वर ओळ तोडायला तर थेट २०१८ मध्ये शिकवलं.

आता १२७ एकटाच टोकाला का? कागदी फितीमुळे. फितीवर प्रत्येक अक्षर म्हणजे भोकांची एक आडवी रांग. चुकीचं अक्षर पाडलं तर पाडलेलं भोक बुजवता येत नाही, पण उरलेल्या जागी भोकं पाडता येतात. म्हणून सगळीच्या सगळी भोकं पाडायची आणि वाचणाऱ्या यंत्राने ती रांग सोडून द्यायची. आमच्या पाच भोकांच्या फितीतही सगळी भोकं पाडून खोडण्याचीच रीत होती. सात भोकं म्हणजे सात एक, त्याचा आकडा १२७. आणि एकही भोक नाही ती रांग म्हणजे ०, कोरी फीत.

७ नंबरला घंटा. महत्त्वाची तार आली की पलीकडच्या माणसाला जागं करायला ती वाजवायची. तुमच्या कळफलकावर कंट्रोल नावाची कळ आहे ना, तिचं मूळ काम हेच. अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा करायचे. जी चा क्रमांक ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, घंटा. एम ७७, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे १३. आय ७३, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे ९, टॅब. लिनक्सच्या काळ्या खिडकीत अजून चालतं, नातवाने करून दाखवलं.

वाळव्याचा_गडी

काका, लई भारी सांगितलंसा. आमच्याकडं कारखान्याच्या वजनकाट्यावर हेच्यातल्या खुणा रोज धावत्यात. काट्याचा डिस्प्ले वायरीनं काँप्युटरला वजन पाठवतोय ते नुसतं वजन नसतंय. आधी २, मग वजनाचं आकडं, मग ३. २ म्हंजी मजकूर सुरू, ३ म्हंजी मजकूर संपला. मधनंच वायर हालली आन् अर्धं वजन आलं तर ३ येतच न्हाई, मग प्रोग्रॅम ती नोंद धरत न्हाई. ट्रॅक्टरवाल्याचं वजन कमी पडाय नगं तर ह्यो ३ लई म्हत्त्वाचा.

रोजमेळ (मिरज)

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर खतावणी छापणाऱ्यांनाही हे तोंडपाठ असायचं. ऐंशी रकान्यांच्या कागदावर जास्त रकाने बसवायचे तर १५ पाठवायचा, अक्षर बारीक होतं. परत मूळ आकारावर यायला १८. सोसायटीचं नाव रुंद अक्षरात हवं तर १४, तो त्या ओळीपुरताच. पान संपलं की १२, कागद पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन थांबतो. आणि २७, म्हणजे एस्केप, आला की त्याच्या पुढचं अक्षर छापायचं नाही, हुकूम म्हणून घ्यायचं. २७ आणि ई म्हणजे ठळक सुरू, २७ आणि एफ म्हणजे ठळक बंद. कधी वहीच्या मध्येच सगळं बारीक छापायला लागलं तर मजकुरात १५ घुसलाय हे न बघता कळायचं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. यूटीएफ-८ करून दिली आणि एकही ओळ तुटली नाही. भाऊसाहेब, राऊत, ऊस, ऊर्मिला सगळे जागेवर. वकील दोन्ही पद्धतीने लिहिलेले होते, तेही ठीक.

आता हे कळल्यावर दुसरी एक जुनी अडचणही याच घरातली वाटायला लागली. कऱ्हाड भागातले काही सभासद आमच्याकडे आहेत. गावाच्या रकान्यात "कऱ्हाड" शोधलं की त्यातले काहीच येतात. उरलेल्यांच्या पुढेही डोळ्यांना अगदी तेच "कऱ्हाड" दिसतं. एक्सेलमध्ये लेन लावलं तर काहींची लांबी ६ येते, काहींची ७.

शाहूपुरीकर

म्हणजे ७ वाल्यांत एक न दिसणारं अक्षर आहे. अहो, या सगळ्यावर एकच औषध. दिसत नाही ते सगळं एका फटक्यात काढून टाका, रेगेक्सने, म्हणजे शोधा-बदलाच्या नमुन्याने, एका ओळीचं काम आहे. मजकूर म्हणजे जे दिसतं ते. आम्ही आमच्याकडे प्रत्येक फाइलला हेच करतो.

मोडजुळणी (सांगली, डीटीपी)

शाहूपुरीकर, कृपा करून असं करू नका, आणि करत असाल तर थांबवा. मराठीत न दिसणारं अक्षर काढलं की दिसणारं अक्षर बदलतं.

ताईंच्या यादीत "कऱ्हाड" दोन तऱ्हांनी लिहिलंय. पहिली तऱ्हा: क, मग नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा. दुसरी तऱ्हा: क, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह, ह, काना, ड. सात. त्या जोडचिन्हाचं नाव झीरो विड्थ जॉइनर, क्रमांक ८२०५. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं हे बघा: कर्‍हाड. आता तुमच्या रेगेक्सने ते ८२०५ काढलं की काय उरतं बघा: कर्हाड. डोक्यावर रफार. गावाचं नाव चुकलं! आणि "साताऱ्यात", "साताऱ्याहून" या शब्दांचंही तेच होणार, "सातार्यात" छापून येणार. पत्रिकांवर, निकालपत्रांवर, फ्लेक्सवर मी हे सतत बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं, मध्येच कुणाच्या तरी "सफाई"ने ते बिघडवलेलं असतं.

अर्थही बदलतो. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या आणि समुद्र म्हणजे दर्या वेगळा. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला मानधन द्यायचं आणि कागदावर "आचार्याला" छापलं तर ते दुसऱ्याच माणसाला गेलं. मराठीत डोळ्यातल्या पापणीसारखा हा र स्वतंत्र आहे, त्याला रफार करून चालत नाही.

तशीच त्याची भावंडं. ८२०४, नॉन जॉइनर, हलन्त असूनही जोडाक्षर करू नको असं सांगतं. मुलांच्या पुस्तकात पाय मोडलेलं अक्षर दाखवायचं असतं तेव्हा मी ते हाताने टाकते. जुळणीचं ते एक साधन आहे, त्याला कचरा म्हणू नका.

दशांश

मोडजुळणी ताईंशी शंभर टक्के सहमत. इथे दोन वेगळ्या जाती एकत्र होतायत, म्हणून घोटाळा होतो. युनिकोडने त्या स्पष्ट वेगळ्या ठेवल्यात.

पहिली जात खऱ्या कंट्रोल कॅरेक्टरची. आस्कीची ३३ आणि १२८ ते १५९ ही ३२, मिळून ६५. यात भर पडणार नाही. दुसरी जात फॉरमॅट कॅरेक्टरची. त्यात ८२०५, ८२०४, उर्दू-अरबीसाठी दिशा सांगणाऱ्या खुणा असं बरंच आहे. पहिल्या जातीतली टॅब आणि ओळीच्या खुणा सोडल्या तर बाकीची गावांच्या यादीत दिसली की काढायला हरकत नाही. एक्सएमएल तर पहिल्या ३२ पैकी ९, १० आणि १३ ही तीनच स्वीकारतं. दुसऱ्या जातीला हात लावताना भाषा माहीत पाहिजे.

आणि हे आपल्याकडे युनिकोडबरोबर आलं असंही नाही. भारतीय लिप्यांसाठीची इस्की संकेतावली, १९९१ चं आयएस १३१९४, त्यातही हीच गरज होती. तिथे वेगळं अक्षर न देता जोड्या वापरल्या. हलन्तापुढे पुन्हा हलन्त आला तर हलन्त उघडा दाखवायचा. हलन्तापुढे नुक्ता आला तर अर्धं अक्षर दाखवायचं. ही दोन कामं युनिकोडमध्ये ८२०४ आणि ८२०५ कडे गेली. इस्कीत २३९ क्रमांकाची एक खूण होती, ती पुढचा मजकूर कोणत्या लिपीत दाखवायचा हे सांगायची. एकाच फाइलमध्ये मराठी नाव कन्नडमध्ये दाखवायचं तर एवढी खूण बदलायची. जत, मिरज भागातल्या लोकांना त्याचं मोल लगेच कळेल.

"कऱ्हाड"च्या दोन तऱ्हा कशा आल्या? ८२०५ वाली तऱ्हा युनिकोड २.० च्या काळातली. जुना मजकूर बिघडू नये म्हणून ती पुढेही चालू ठेवली. आता नुक्त्याचा ऱ वापरायचा अशी मुख्य रीत आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळीवर शिफ्ट दाबला की तो येतो. काही फोनेटिक कळफलक मात्र अजून ८२०५ टाकतात. दोन हातांनी भरलेली यादी म्हणजे दोन तऱ्हा आल्याच.

विलिंग्डनसमोर (सांगली, विद्यार्थी)

दशांश सरांनी १२८ ते १५९ चा उल्लेख केला म्हणून लिहितो. ताई यूटीएफ-८ वर आल्या हे चांगलंच, पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ते यूटीएफ-८ आहे हे सांगावं लागतं. समजा तो लॅटिन-१ समजून वाचायला लागला, म्हणजे एक बाइट एक अक्षर. "अ" यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १३३ असा असतो. लॅटिन-१ मध्ये १३३ म्हणजे "पुढची ओळ" ही कंट्रोल खूण! पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं स्प्लिटलाइन्स त्यावर ओळ तोडतं. मग ऊसवाले वाचतात आणि अशोक, अनिल, अरुणा तुटतात. आमच्या प्रकल्पात नेमकं हेच झालं होतं. "अ" ने सुरू होणारीच नावं तुटतायत हे दिसलं आणि तिथूनच कारण सापडलं.

दुसरं, शाहूपुरीकर काकांसाठी. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० नंबरची न तुटणारी मोकळी जागा येते. एक्सेलचं ट्रिम ती काढत नाही, ते फक्त ३२ ची साधी मोकळी जागा काढतं. म्हणून काही जण फाइलमधला १६० हा बाइटच सरसकट काढतात. "ठ" यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १६० आहे. म्हणजे यादीतला प्रत्येक विठ्ठल गेला. १६० क्रमांकाचं अक्षर काढायचं असतं, १६० हा बाइट नाही. यूटीएफ-८ मध्ये ते अक्षर १९४, १६० असं दोन बाइटांचं असतं.

शाहूपुरीकर

विठ्ठलाचं उदाहरण पटलं. पण शोध कसा चालायचा? "कऱ्हाड" दोन तऱ्हांनी राहिलं तर ताईंची अडचण तशीच राहते. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर एका रूपात आणणं, लावून भागेल का?

विलिंग्डनसमोर

त्याने भागत नाही, कारण नॉर्मलायझेशनच्या लेखी नुक्त्याचा ऱ आणि "र अधिक सुटा नुक्ता" हे एकच आहेत, ते तो जुळवतो. पण ८२०५ वाली तऱ्हा त्याच्या दृष्टीने वेगळा शब्द आहे. तो नियम मराठीसाठी आपणच लिहायचा: र, हलन्त, ८२०५ हे तीन एकत्र दिसले की त्यांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट आणि युनिकॅर वापरून जमतं. ऱ चा क्रमांक २३५३, र चा २३५२, हलन्ताचा २३८१. तिन्ही एकत्र शोधायचे, नुसतं ८२०५ नाही. नुसतं काढलं की मोडजुळणी ताईंनी दाखवलेला रफार हजर.

मोडजुळणी

आणि हे मूळ रकान्यात करू नका. शेजारी शोधासाठी एक रकाना ठेवा, त्यात ही जुळवलेली प्रत. सभासदाने जसं नाव दिलं तसं ते मूळ रकान्यात राहू द्या. छापायचं मूळावरून, शोधायचं शेजारच्यावरून.

बेदाणा_सौदा (तासगाव)

एक जोडतो. निर्यातीच्या द्राक्षपेट्यांवर जीएस१ चा लांब बारकोड असतो. त्यात माल, तारीख, लॉट नंबर एकापाठोपाठ एक असतात आणि लॉट नंबरची लांबी ठरलेली नसते. तो कुठे संपला हे स्कॅनर २९ नंबरचं कंट्रोल कॅरेक्टर पाठवून सांगतो, त्याचं नाव ग्रुप सेपरेटर. आमच्या इथे कुणीतरी "न दिसणारं सगळं काढा" अशी सोय प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. लॉट नंबर आणि त्यापुढचा आकडा एकमेकांना चिकटून यायचे. स्कॅनर बदलला, छपाई बदलली, शेवटी ती सोय बंद केली तेव्हा कुठे नीट झालं. दशांश, तुमच्या पहिल्या जातीतलंही प्रत्येक अक्षर काढण्यालायक नसतं हे यात आलं.

दशांश

बरोबर आहे, बारकोडचा मजकूर आणि गावांची यादी यांना एक नियम लावता येत नाही. २८ ते ३१ ही चारही अक्षरं विभाग पाडण्यासाठीच आहेत आणि २९ त्यातलं आजही जोमात काम करणारं.

कृष्णाकाठची

शोधाचा वेगळा रकाना केला. कऱ्हाडचे सगळे सभासद एकत्र आले, मूळ नावांना हात लावलेला नाही. ८२०५ वाल्या बहुतेक नोंदी एकाच शाखेतून भरलेल्या निघाल्या, तिथल्या ऑपरेटर दादांना शिफ्टचा ऱ दाखवला आणि त्यांनी लगेच तो घेतला.

वरच्या कार्यालयाला पत्र देते आहे, मजकूर असा ठेवलाय: यादी यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या खुणेशिवाय द्यावी, ओळीचा शेवट १३ आणि १० असा असावा, कुठलीही स्वयंचलित सफाई ८२०४ आणि ८२०५ ला लागू करू नये. मोडजुळणी ताई, नोटीस छापायला सोमवारी तुमच्याकडे पाठवते. फाइलबरोबर एक कागद असेल, त्यावर कऱ्हाड, साताऱ्याचे, विठ्ठल, राऊत आणि ऍड. असलेली एकेक ओळ हाताने लिहिलेली असेल. आधी तेवढ्या पाच ओळी छापून ताडून घ्या आणि मगच पूर्ण यादी मशीनवर लावा.